अक्काला टीबी नव्हता

दाजींचा फोन आला तेव्हा मी धाराशिवला, शाळेत होते. "तुजी अक्का गेली," एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, "पण काल तर ताप उतरला होता..." याला आता काही आठवडे झाले, तरी माझं डोकं तिथंच अडकलंय.

अक्का माझी थोरली बहीण, बेंबळीला दिलेली. विहिरीजवळच्या तिच्या भाजीच्या तुकड्यात ती अनवाणीच पाणी द्यायची. शुगर होती, टाचांना भेगा होत्या. चप्पल घाल म्हटलं तर म्हणायची, "चिखलात रुतती गं." पावसाळ्यात तिला ताप आला, खोकला धरला. एक्स-रेत फुप्फुसावर डाग दिसला. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, पण डाग अगदी टीबीसारखा, म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. तिनं आपणहून ताट-तांब्या वेगळा केला. नात दारातून हाका मारायची अन् ही तोंडाला पदर लावून आतूनच ओ द्यायची.

गोळ्या चालूच होत्या, पण ताप हटेना, अंग झडत चाललं. शेवटी सोलापूरला नेलं. तिथं तिच्या रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिला. पहिला रिपोर्ट भलत्याच जंतूचा आला. तिथल्या डॉक्टरबाईंना पटेना, त्यांनी पुन्हा तपासायला लावला. मग कळलं, हा टीबी नव्हेच, मेलिऑयडोसिस. त्याचा जंतू ओल्या मातीत, पाण्यात राहतो. जखमेतून, भेगेतून, कधी श्वासातून शिरतो अन् शुगर असलेल्या माणसाला जास्त छळतो. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देत नाही. आधी काही आठवडे शिरेतून औषध, मग कित्येक महिने गोळ्या. मधेच सोडलं तर पुन्हा उलटतो.

"म्हंजी माज्यापासनं कुणाला हुत न्हाय?" अक्कानं विचारलं.

"सहसा नाही, मावशी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग नातीला आणा की."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आपल्याच रानातनं आलं व्हय गं? सासूबाई जल्मभर तितंच राबल्या. त्यास्नी कसं न्हाय झालं?"

मी तिच्या टाचांवरची चादर नीट केली.

नात आली, कॉटवर तिच्या कुशीत बसली. ताप उतरला, अक्कानं थोडी भाकरी कुस्करून खाल्ली. अन् दुसऱ्या दिवशी रक्तदाब एकाएकी पडला... जंतू रक्तातून सगळीकडं पसरला होता, असं आम्हाला नंतर सांगितलं. आधी कळलं असतं तर, असं मी विचारलं. "कदाचित," डॉक्टरबाई म्हणाल्या. या शब्दाचं काय करायचं, ते मला अजून उमगत नाही. रागवायचं कुणावर? पहिल्या डॉक्टरांवर? त्यांनी जे पाहिलं ते कुणालाही टीबीच वाटलं असतं.

परवा बेंबळीला गेले. दाजी रबरी बूट घालून पाणी देत होते. म्हणाले, "तिनं लावलेलं आळू लई माजलंय. एक कंद ने, कुंडीत लाव." त्यांनीच उकरून पिशवीत घालून दिला, ओल्या काळ्या मातीसकट.

घरी आल्यावर मोरीपाशी उभी राहिले. माती धुवावी, का तशीच ठेवून कंद लावावा... काही सुचेना. धुतली तर तिच्या रानातलं त्यात काय उरतं? पिशवी अजून खिडकीत आहे. आज सकाळी बघते तर कंदाला कोंब आलाय.