दुर्गाबाईचा रविवार

इंदूबाईंना कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर "पाच घरच्या पोळ्या" म्हणून त्या मोकळ्या होतात. अमरावतीच्या मेथडिस्ट मंडळीतल्या महिला संघाच्या आपण चिटणीस आहोत, हे त्या सांगत नाहीत. चिटणीस म्हटलं की लोकांना खुर्ची आठवते, आणि यांच्याजवळ आहे फक्त एक वही.

दर गुरुवारी बायका चर्चच्या मागच्या खोलीत जमतात. जी जे मागेल ते इंदूबाई वहीत लिहून घेतात आणि देवानं ऐकलं की लाल पेनानं बरोबरची खूण करतात. सुनांची बाळंतपणं, पोरांच्या परीक्षा, सगळ्यावर खुणा झाल्या. एकच मागणं तसंच राहिलं, रविवारच्या सुट्टीचं. संघातल्या निम्म्या बाया घरकाम करणाऱ्या, आणि लोकांकडे पाहुणे येतात ते नेमके रविवारी. भांडी घासणाऱ्या दुर्गाबाईला तर चौदा वर्षांत नाताळ सोडून एकही उपासना धड मिळाली नव्हती.

"देवाले किती सांगाव?" इंदूबाई एकदा वैतागल्या. "कायदा तं आमदार करते. आता त्याइलेच सांगू."

घरकामगारांच्या कायद्यात आठवड्याची एक भरपगारी सुट्टी यावी, असं निवेदन टाइप झालं. सह्या झाल्या, अंगठे उमटले. आमदारबाई दुसऱ्या दिवशी हिवाळी अधिवेशनाला नागपूरला निघणार होत्या. त्यांनी दहा मिनिटं दिली होती.

महत्त्वाचं काही असलं की ते वेदीपुढच्या टेबलावर ठेवायचं आणि त्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, ही संघाची रीत. शेजारी वहीही होतीच. प्रार्थना चांगली अर्धा तास चालली. मग उशीर झाला म्हणून इंदूबाईंनी हाताला लागलं ते पिशवीत कोंबलं आणि दुर्गाबाईला घेऊन ऑटो पकडला.

आमदारबाईंच्या हातात गेली ती वही. निवेदन टेबलावरच राहिलं होतं.

बाई मधलंच पान उघडून वाचू लागल्या. त्या वहीत कुणाचा नवरा पितो तेही होतं.

"हे तर निवेदनापेक्षा जोरदार आहे," बाई म्हणाल्या. "नावांसकट सभागृहात वाचते."

नुसती मान हलवली असती तरी काम फत्ते होतं. पण इंदूबाईंनी हात पुढे केला.

"नाई ताई. हे बायाइनं देवाले सांगतलं हाय. मले फकस्त लिवाले देल्लं. वही वापस द्या."

बाईंनी घड्याळ पाहिलं. आता सगळं मुसळ केरात जाणार असं वाटत असताना दारापाशी उभी असलेली दुर्गाबाई बोलली.

"माह्यं वाचा. नाव बी घ्या. चार घरी जातो मी, चारी घरी भांडेवाली म्हन्तेत."

अधिवेशनात तिचा रविवार मांडला गेला. सरकारनं विचार करू म्हटलं आणि कायदा होता तिथंच राहिला. पण मार्चमध्ये आमदारबाईंकडून सभागृहाच्या कामकाजाची छापील प्रत आली.

"कुठं हाय मी?" दुर्गाबाईनं विचारलं. तिला वाचता येत नाही. इंदूबाईंनी तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं. दुर्गाबाई बोट उचलेचना. इंदूबाईंना रडू आलं आणि त्या ते लपवायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

ती प्रत दुर्गाबाईनं चारी घरी नेली. ओट्यावर ठेवली आणि सांगितलं, "हे मी. रविवारी मी येत नाई." तीन घरांनी ऐकलं, चौथं तिनं सोडलं.

पुढच्या रविवारी ती पहिल्या बाकावर होती. इंदूबाईंनी तिच्या नावापुढे लाल खूण केली. बाकीच्या नावांपुढची जागा मात्र रिकामीच आहे, म्हणून यंदा दुसरं निवेदन तयार होत आहे. प्रार्थना त्यावरही होईलच. पण या वेळी ते टेबलावरून उचलायचं काम दुर्गाबाईनं आपल्याकडे घेतलं आहे.