आधी म्हस कुठं बांधायची?

"हं, बोला आता. सावकाश." टाक कानावर ठेवून ते म्हणायचे.

तुम्हीही कचेऱ्या पाहिल्यात. अर्जदार ताटकळत उभा आणि कारकुनाचं डोकं कागदात! पण चिकोडीकडच्या आमच्या कचेरीत हे एकटे समोरच्याचं ऐकून घेत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो.

हेडकारकुनाची खुर्ची रिकामी होणार होती आणि अण्णांच्या नोकरीची शेवटची तीन वर्षं उरली होती. एकदा कुणी नाही असं बघून त्यांनी ती खुर्ची उपरण्यानं पुसली. मी दाराआडून पाहिलं आणि मुकाट्यानं मागं फिरलो.

त्याच साली प्लेग आला. एका गावात उंदीर पडले. इंग्रज साहेब जातीनं आले. घरं सोडून माळावर झोपड्यांत राहा, असा त्यांचा हुकूम. आमच्या दुय्यम कारकुनांनी तो खणखणीत आवाजात मराठीत सांगितला, "सदरहू ग्रामस्थांनी तत्काळ स्थलांतर करावे!" गाव ढिम्म हललं नाही.

अण्णा पारावर एका शेतकऱ्याशेजारी जाऊन बसले. टाक कानावर.

"आप्पा, काय अडलंय?"

"जाताव की माळाला. पर आधी म्हस कुठं बांधायची?"

"चल, गोठ्याचीच जागा बघू."

दिवस मावळायच्या आत गाव माळावर!

साहेब खूश. लोकांना कोणी समजावलं, असं त्यांनी विचारलं. दुय्यम पुढं सरसावले आणि इंग्रजीत असे काही सुटले, की जणू गाव त्यांनीच खांद्यावरून वाहून नेलं असावं. अण्णा मागं हात जोडून उभे. विचारल्याशिवाय वरिष्ठांपुढं तोंड उघडायचं नाही, ही कचेरीची रीत. मला इंग्रजी येत होतं. पण दुय्यम उद्याचे हेडकारकून, हेही कळत होतं. मी मूग गिळून बसलो.

खुर्ची दुय्यमांना मिळाली.

"अण्णा, का गप्प बसलासा?" मी निर्लज्जासारखं विचारलं.

"गाव हललं न्हवं? मग आनि काय बोलायचं रं?" ते हसले. पण त्या दिवसापासून खुर्चीकडं बघायचं त्यांनी टाळलं. मला आजही माझ्या त्या गप्प बसण्याची लाज वाटते.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. साहेबांपुढं बोलायला मी छान शिकलो. ती खुर्ची आता माझी आहे.

परवा एक म्हातारा दारातून डोकावला. मी कागदातून मान वर काढली नाही. बाहेरून त्याच्या सोबत्यानं विचारलं, "कोन हाय का आत?"

माझ्याकडं नीट बघून म्हातारा म्हणाला, "न्हाय गा. कुनीच न्हाय."