दुर्बीण बसत न्हाई

बीडच्या बसस्टँडमागं बंदुका दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. बंदुकीचं दुखणं सांगायला लागलं की तो हात वर करून थांबवायचा. "ते ऱ्हाऊ दे. नवं काय लावलंस ते सांग." हौसेनं लावलेला पट्टा, टॉर्च, जे असेल ते आधी उतरवायचा, बंदूक मूळ रूपात चालवून बघायचा, मग एकेक परत चढवायचा. ज्यानं अडलं तो चोर. त्याला बसवता आली नाही अशी वस्तू मी पाहिली नव्हती.

त्या दुष्काळात मी साखर कारखान्याच्या तळ्यावर पहाऱ्याला होतो. गावातल्या बाया तिथनं पाणी नेतात, म्हणून चेअरमनसाहेबांनी माझ्या रायफलीला दुर्बीण लावून दिली. तेव्हापासून गोळी आत सारायचा बोल्ट अडकायचा.

मिस्त्रीनं दुर्बीण काढली, बोल्ट सटासट मागंपुढं केला. "रायफल चांगली हाय. दुर्बिणीचा स्क्रू लांब हाय, आत बोल्टला टेकतोय. घासला की झालं."

त्यानं कानस उचलली आणि थांबला. "कशाला लावलीस रं ही?"

मी तळ्याचं सांगितलं. दुर्बीण माझ्या डोळ्याला लावून त्यानं माझी मान रस्त्यापलीकडच्या टँकरच्या रांगेकडं वळवली. घागर घेतलेल्या एका बाईचा चेहरा एवढा जवळ आला, की तिचे फुटलेले ओठ दिसले. मी डोळा काढून घेतला.

त्यानं कानस जागेवर ठेवली आणि दुर्बीण माझ्या पिशवीत टाकली.

"सायबाला सांग, मिस्त्री म्हनला, बसत न्हाई."