सिताबाईच्या न मेलेल्या शेळ्या

शेळी आजारी पडली की गावातली माणसं आधी सिताबाई दुधभातेच्या अंगणात जात आणि मग डॉक्टरला फोन करत. ती काही औषध देत असे असं नाही. शेळीच्या पोटावर हात ठेवायची, कान चाचपायची, "ऱ्हाऊ द्या दोन दिस माझ्यापाशी" म्हणायची, आणि बहुतेक वेळा शेळी आपल्या पायांनी घरी परतायची. सिताबाईच्या हाताला यश आहे, असं लोक म्हणत. त्या बोलण्यावर तिचं घर चाललं होतं.

नवरा बिराप्पा मेंढरं राखायचा. तो गेला, त्याच्या दुखण्यात मेंढरं गेली, मुलगा शिवराज हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवू लागला, आणि सिताबाईनं लोकांच्या शेळ्या अर्धलीनं घेतल्या. शेळी दुसऱ्याची, चारापाणी आणि राखण आपली, होणाऱ्या करडांत निम्मा वाटा. या व्यवहाराला कागद लागत नाही. ज्याच्या हाताला यश आहे त्याच्या दावणीला लोक आपणहून जनावर आणून बांधतात, ज्याच्या हाताला नाही त्याच्या दाराकडे फिरकत नाहीत. सिताबाईचं अंगण भरलेलं असे.

आता बोरीकाठ जनसेवा प्रतिष्ठानाविषयी. ही संस्था नावाला धर्मादाय. पैसा सरकारी योजनांचा, मंडळावर दोन माणसं सरकारनं नेमलेली, बाकी सगळी साहेबांच्या घरातली: अध्यक्ष बायको, सचिव मेहुणा, हिशेब धाकट्या भावाकडे. साहेब म्हणजे माजी आमदार. ते स्वतः संस्थेत कुठंच नव्हते, फक्त संस्थेच्या प्रत्येक फलकावर त्यांचा फोटो होता. सरकारकडून गरिबासाठी जे काही निघे ते संस्थेच्या हातून येई, आणि घेणाऱ्याला वाटे साहेबांनी दिलं. मतदानाच्या आधी साहेबांची पोरं घरोघर जाऊन ते वाटणं पक्कं करून येत.

अशाच एका निवडणुकीच्या आधीच्या उन्हाळ्यात गावातल्या पाच विधवांना शेळ्या मंजूर झाल्या. प्रत्येकीला दहा शेळ्या आणि एक बोकड. नळदुर्गला मांडव घातला होता. पुण्यामुंबईचे पाहुणे, हार, फेटे, ढोल. सिताबाईच्या हातात दाव्यांचा जुडगा दिला, शेजारी साहेब उभे राहिले, फोटो निघाला. शेळ्या चांगल्या होत्या. उस्मानाबादी, काळ्याभोर, लांब कानांच्या. दोन तर गाभण दिसत होत्या. सिताबाई फोटोकडे पाहतच नव्हती, ती शेळ्यांकडे पाहत होती. मग संस्थेचा इंद्रजित आला. तो तिथला समन्वयक, साहेबांच्या भाच्यांपैकी. म्हणाला, मावशी, लस टोचायची आहे, विम्याचे बिल्ले कानात मारायचे आहेत, आठ दिवसांत घरपोच देतो. सही तेवढी करा. सिताबाईला सही येत होती. तिनं सांगितल्या ठिकाणी केली.

घरी येऊन तिनं बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि अंगणाच्या कडेला शेळ्या कोंडायला काटेरी कुंपणाचं नवं वाडगं घातलं. शेळ्या आल्या नाहीत. विचारलं की "वरून निघालं नाही" हे उत्तर मिळे. पावसाळा गेला, निवडणूक गेली, साहेब पडले, आणि थंडीत सिताबाईनं वाडग्याच्या फांद्या चुलीत घातल्या. तेव्हा तिला राग आला नव्हता. सरकारी वस्तू दारात येईल तेव्हा खरी, एवढं तिला आयुष्यानं शिकवलं होतं.

राग आला तो दोन वर्षांनी. साहेबांना पाडणाऱ्या नव्या आमदाराच्या माणसांनी संस्थेविरुद्ध तक्रार केली आणि चौकशी लागली. चौकशीचा भाग म्हणून लाभार्थ्यांची नावं ग्रामसभेत वाचायची होती. ग्रामसेवकानं ती देवळापुढच्या भोंग्यावरून वाचली. "सिताबाई बिराप्पा दुधभाते. दहा शेळ्या, एक बोकड. मिळाल्या. साथीच्या रोगानं एका महिन्यात सर्व मृत."

पाचही जणींपुढे तेच लिहिलेलं होतं. त्या पाचांतलीच शेजारची द्वारकाबाई उठून म्हणाली, "कवा आल्या, कवा मेल्या? मला तर सुतक बी न्हाय पाळू दिलं." सभा खो खो हसली. सिताबाई हसली नाही. ती उठून ग्रामसेवकाजवळ गेली आणि म्हणाली, माझं पुन्हा वाचा. त्यानं पुन्हा वाचलं. त्याला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतम्मा आली. वाईट बाई नव्हती. तिच्या तीन शेळ्या सिताबाईकडे अर्धलीला होत्या, तिच्या सासूच्या काळापासून त्या घरचं जनावर इथंच वाढलेलं. ती बराच वेळ पावसापाण्याचं बोलत बसली. मग म्हणाली, नातवाला दूध लागतंय, शेळ्या घरी नेते.

"दुधाला तिन्ही?" सिताबाईनं विचारलं.

शांतम्मा खाली बघून दावं सोडू लागली. "आक्का, मला ठाव हाय तुमच्याकडं त्या शेळ्या आल्याच न्हाईत. पर सून आयकंना. म्हंती, सरकारनं लिवलंय मंजे कायतरी रोग आसंलच."

आठवड्यात आणखी तिघं येऊन गेले. कुणी भांडलं नाही, कुणी काही लावून बोललं नाही. प्रत्येकाला काही ना काही कारण होतं. अंगणात दोन शेळ्या उरल्या, त्या सिताबाईच्या स्वतःच्या.

तेव्हा तो राग उठला आणि मग खाली बसलाच नाही. दिल्या नाहीत, ठीक. खाल्ल्या, तेही ठीक. खाणारे खातातच, त्यांच्या आईबापांनी त्यांना तेच शिकवलं असेल. पण खाऊन वर हात पुसायला तिचं नाव घेतलं होतं. कुठल्या तरी गारेगार खोलीत बसून कुणीतरी, चहा पीत, "मेल्या" एवढं लिहून मोकळं झालं होतं. त्याला तो शब्द फुकटचा वाटला असणार. तिनं जन्मभर जपलेलं एकच धन होतं, ते त्या शब्दानं नेलं होतं. रस्त्यानं जाताना ती मोठ्यानं बोलू लागली. भाकरी थापताना परात आपटू लागली. सून मोनिका म्हणायची, आत्या, लोक बघतात. "बघू दे," सिताबाई म्हणायची, "दुसरं हाय काय त्यांना बघाया? माझी दावण रिकामीच हाय."

नव्या आमदाराची दोन पोरं कॅमेरा घेऊन आली. त्यांना तिची दया आली होती असं त्यांचं म्हणणं. मावशी, रिकाम्या खुंट्याजवळ बसा, पदर डोळ्याला लावा, जरा रडून दाखवा. सिताबाईनं विचारलं, माझ्या हातनं जनावर मेलं न्हाय हे दाखवणार का? ते म्हणाले, ते नंतर बघू, आधी साहेबांनी खाल्ल्या म्हणा. तिनं शेणाची पाटी उचलली. पोरं मोटारसायकलवर बसली ती गावाबाहेरच थांबली.

चौकशीच्या आदल्या दिवशी इंद्रजित आला. पायातले बूट काढून ओट्यावर बसला, पाणी मागून प्याला. त्याच्या बोलण्यात दमदाटी नव्हती. चौघी तयार आहेत, त्यांच्या घरकुलाचं काम होणार आहे, तुमचंही होईल. चौकशीच्या मॅडम विचारतील तेव्हा मेल्या म्हणायचं, एवढंच.

"आन मानसं पुन्यांदा माझ्याकडं शेळी बांधतील का?"

इंद्रजित हसला. "मावशी, मेलेली शेळी काय तुमच्यावर केस घालणारे का? एका शब्दाचा तर प्रश्न हाय. शब्दाला काय पैसे पडतेत?"

जाताना त्यानं सहज म्हणून मोनिकाची चौकशी केली. मोनिका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. काम चांगलं करते म्हणाला, तिला सांभाळा.

सासूसुनेचं त्या संध्याकाळी कडाक्याचं वाजलं. मोनिकाचं म्हणणं साधं होतं. शिवराज महिन्यातून चार दिवस घरी, त्याच्या पगाराचा भरवसा नाही, वसतिगृहाचा पगार महिन्याला येतो. खोटं सगळं जग बोलतं. सिताबाई म्हणाली, जगानं त्याचं त्याचं खोटं बोलावं, माझ्या नावानं बोलू नये. मोनिका म्हणाली, नावानं चूल पेटत नाही.

"माझी पेटली," सिताबाई म्हणाली. "तुज्या नवऱ्याला त्याच चुलीवर वाडवलाय."

मोनिका त्या रात्री जेवली नाही.

चौकशी कुठं ठेवावी, तर संस्थेच्याच सभागृहात. भिंतीवर साहेबांचा हसरा फोटो, चहा संस्थेचा, खुर्च्या मांडणारी माणसं संस्थेची. चौकशीला आलेल्या बाईंना सगळे भुवनेश्वरी मॅडम म्हणत. चाळिशीच्या, चष्म्याच्या, दमलेल्या. चौघींचे जबाब झटपट झाले. मेल्या, मेल्या, मेल्या, मेल्या. द्वारकाबाई परत येताना सिताबाईच्या डोळ्याला डोळा देईना.

सिताबाई उभी राहूनच बोलली. शेळ्या मिळाल्या नाहीत. दावं हातात दिलं, फोटो काढला, टेम्पोत घालून परत नेल्या.

मॅडमनी सही दाखवली. तुमचीच ना?

"माझीच. दावं हातात हुतं तवा केली."

मॅडम म्हणाल्या की विमाही मिळाला आहे. जनावर मेलं की बिल्ल्यासकट कान कापून कंपनीला द्यावा लागतो, आणि तसे कान दिलेले आहेत.

सिताबाईला हे नवीन होतं. मग इंद्रजित उभा होता तिकडे वळून तिनं विचारलं, "कुणाचे कान कापले रे?"

इंद्रजित मोबाईलमध्ये बघू लागला.

"जित्या शेळीचे का खाटकाकडच्या? सांग की. आँ? ज्येचे कापले त्येला तर म्हाईत आसंल."

मॅडमनी तिला शांत व्हायला सांगितलं आणि तिचं सगळं लिहून घेतलं. सिताबाईनं एकच मागितलं. ज्या भोंग्यावरून वाचलं त्याच भोंग्यावरून परत सांगा, हिच्याकडं शेळ्या आल्या न्हाईत आन मेल्या न्हाईत. मॅडम म्हणाल्या, चौकशी पूर्ण होऊन अहवाल मान्य झाल्याशिवाय तसं जाहीर करता येत नाही. ते खरंही होतं. पण मेल्या हे जाहीर करायला कुठला अहवाल लागला होता, हे सिताबाईला कुणी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात साहेब सत्तेतल्या पक्षात गेले. आधीचा झेंडा उतरवून नवा लावायला अर्धा दिवस लागला. फोटो तोच राहिला. तक्रार करणारा आमदारही त्याच पक्षाचा, दोघांनी तुळजापुरात एकमेकांना पेढा भरवला आणि तक्रारीचा विषय कुणी काढेना. कॅमेऱ्याची पोरं साहेबांच्या गाडीमागं दिसू लागली. अहवाल वर गेला आहे, एवढंच कळे. मोनिकाला वसतिगृहात उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ती घरी आली, पिशवी ठेवली आणि सासूला म्हणाली, "झालं समाधान?" सिताबाईचा राग तसाच होता, आणि आता त्यात या पोरीचं गेलेलं कामही जमा झालं होतं.

मग एका दुपारी, गाव रानात गेलेलं असताना, दारात टेम्पो थांबला. इंद्रजित उतरला. मागची फळी त्यानं स्वतः उघडली. आत दहा शेळ्या आणि एक बोकड. काळ्याभोर, लांब कानांच्या.

तो घाईत होता. अहवाल एका जबाबावर अडकला आहे, म्हणाला. शेळ्या पोचायला उशीर झाला, एवढं लिहून दिलं की मिटलं. शेळ्या तुमच्या. मोनिकाही उद्यापासून कामावर. शेळ्या नकोत असं कोण म्हणेल?

सिताबाई टेम्पोजवळ गेली. कोपऱ्यात एक पाट, अजून न व्यालेली शेळी, दाटीत पडली होती, पाय दुसरीच्या पोटाखाली अडकला होता. सिताबाई लुगडं खोचून चाकावर पाय देऊन वर चढली, तिला उभी केली, पाय चोळला. शेळी तिच्या अंगाला डोकं घासू लागली. मोनिका उंबऱ्यात उभी होती. तिला वाटलं, झालं, घेतल्या. सिताबाईलाही क्षणभर तेच वाटलं. या सगळ्या दावणीला बांधल्या तर वर्षात अंगण भरेल. शांतम्मासुद्धा परत येईल.

"इंद्रजित," ती वरूनच म्हणाली, "ह्या देवळाम्होरं उतरव. सांजच्याला, गाव आल्यावर. भोंगा लाव आन सांग, दोन वर्सांमागं दिल्या न्हवत्या, आज देतूय."

"मावशी, आसं कसं जमंल?"

"मग ह्या कुठल्या शेळ्या? माझ्या तर मेल्या की."

सिताबाई खाली उतरली, फळी वर केली आणि दोन्ही कड्या घातल्या. टेम्पो गावाबाहेर पडेपर्यंत ती रस्त्यात उभी होती. मग घरात जाऊन लुगडं बदललं.

"कुठं?" मोनिकानं विचारलं.

"धाराशिवला. त्या चष्म्याच्या बाईकडं."

मोनिकानं फळीवरची पिशवी काढून भाकरी बांधली, दाराला कडी घातली आणि पायात चप्पल सरकवली. तिनं टेम्पोचा फोटो मोबाईलमध्ये घेतला होता, ते तिनं नळदुर्गला एस.टी.त बसल्यावर सांगितलं.

कचेरी बंद व्हायला आली होती. भुवनेश्वरी मॅडम पर्स खांद्याला लावून निघाल्या होत्या. म्हणाल्या, मावशी, तुमचा जबाब झालेला आहे, फाईल वर गेली, आता माझ्या हातात काही नाही.

सिताबाई त्यांच्या खुर्चीसमोर बसली. मोनिका तिच्या शेजारी.

"नवीन हाय, बाई," सिताबाई म्हणाली. "लिवून घ्या. मेलेल्या शेळ्या आज टेम्पोत बसून माझ्या दारात आल्या हुत्या. कान सगळ्यांचे जागच्या जागी हुते."

मॅडमनी पर्स खांद्यावरून काढली.