बाबांनी ओढलेली सुरमई

शिरोड्याहून पुण्याची गाडी पकडली, तेव्हा आईने डब्यात कोंबडीचं सुकं दिलं होतं. दारात समुद्र, बाबांची हयात होडीमालक भाईशेटकडे खलाशी म्हणून गेलेली, पोरगी पहिल्यांदाच गाव सोडून निघालेली. तरी घरात मासा नव्हता.

पूर्वी प्रत्येक खलाशाला कालवणापुरती मासळी मिळायची. किनाऱ्यावर हॉटेलं वाढली, भाव चढले आणि भाईशेटनी ती बंद केली. आधी सुरमई गेली, मग बांगडाही. ब्रॉयलर कोंबडी त्याहून स्वस्त. आई सवयीने तिच्यातही माशांच्या कालवणासारखी तिरफळं घालायची, बाबा तेच जेवायचे. बाबा शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले, तेव्हा आईने भाईशेटकडे सुरमईची एक तुकडी मागितली. सगळ्यांसमोर भाईशेट म्हणाले, "ही पावण्यांची गो. तुमका कोंबडी सवाय पडता, ती खावा."

आई कसनुशी हसली. ते हसू मी पुण्याला घेऊन आले.

एका मोठ्या हॉटेलच्या स्टोअरमध्ये लागले, चढत चढत परचेस मॅनेजर झाले. एके दिवशी भाईशेट कोटेशन घेऊन केबिनमध्ये आले. मी बाबांचं नाव सांगितलं.

"आपल्या गावचा चेडू!" ते म्हणाले. "शिरोड्याचो माल आता शिरोड्याच्या माणसाकडसूनच घे गो."

"घेणारच," मी मुद्दाम शुद्ध मराठीत म्हटलं, "पण तुमच्याकडून नाही."

ऑर्डर मी शिरोड्यातल्या खलाशांच्या बायकांच्या गटाला दिली. अट एकच: पेटी भरण्याआधी प्रत्येक खलाशाच्या घरची मासळी बाजूला काढायची. मग खलाशी भाईशेटना सोडून गटाला माल देणाऱ्या होड्यांवर गेले. भाईशेटची होडी वाळूवर चढली, पुढे विकली गेली. वाईट वाटायला हवं होतं. मी तिचा फोटो मागवून घेतला.

आई फोनवर म्हणाली, "तेच्या पोटार पाय दिलंस, ता बरा नाय केलंस गो."

गावात राहिलेले मला दुवा देतात. माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, घरची ओढ आहे का? आहे. दर सुट्टीत जाते. आई सुरमईच्या दोन तुकड्या तळून दोन्ही माझ्याच ताटात वाढते आणि स्वतः नुसता सोलकढी-भात जेवते. माझ्याकडे बघत नाही. मी तिच्यासमोर बसून दोन्ही तुकड्या खाते.