चांदीचा केर रस्त्यावर टाकणारं पुस्तक

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, ते हुपरीवरचं पुस्तक घ्यायचं का?" शाळेत आजीच्या गावाबद्दल बोलायचं आहे आणि वर्गाला दाखवायला काहीतरी हवं आहे. मी "बघून सांगते" एवढंच म्हटलं. बघून आले. आता सविस्तर लिहिते, कारण तुम्ही ते वर्गात उघडलंत की तिथल्या मुलांसाठी माझं माहेर म्हणजे तेच होऊन बसेल.

हुपरीहून माझी वहिनी दवाखान्यासाठी माझ्याकडे कोल्हापुरात आली होती. तिलाही दुकानात नेलं. पुस्तक जाडजूड, इंग्रजी, कागद गुळगुळीत. लेखिकेचं बालपण हुपरीत गेलं म्हणे. आता ती परदेशात बसून ते आठवते आणि चित्रं काढते. चित्रांतून आत्मचरित्र सांगायला माझी काही हरकत नाही. पण चित्रांतली ही मुलगी सारखी खिडकीत बसून बाहेर बघते. हुपरीत घरोघरी चांदीकाम; तसल्या घरात मुलीला खिडकीत कोण बसू देतं? घुंगरं जोडायला पैंजण आणि घुंगरांची वाटी पुढ्यात सरकवतात. तिची आजी नशिबावर प्रवचन देते, तेही अलंकारिक इंग्रजीत. माझी आजी म्हणायची, "गिळतीस का ताट उचलू?" प्रेम त्यातच असायचं. अख्ख्या पुस्तकात पोटभर हसलेलं माणूस मला दिसलं नाही.

मग ते पान आलं, ज्याचं मलपृष्ठावर फार कौतुक केलं आहे. संध्याकाळी आई कामाच्या खोलीतला केर काढते आणि दारातून रस्त्यावर लोटते. उन्हात कण चमकतात. खाली लिहिलंय, आईनं आपलं दुःख घराबाहेर टाकलं.

मी ते चित्र वहिनीपुढे धरलं.

"रस्त्यावर?" ती म्हणाली. "वन्सं, हिच्या घरात चांदी करत व्हते का चुरमुरे?"

तुम्ही तिथं वाढला नाहीत, म्हणून सांगते. कानस मारताना चांदीचा चुरा जमिनीवर सांडतो. त्यामुळे कामाच्या खोलीतला केर कुणी टाकत नाही. तो डब्यात साठवतात आणि झारेकऱ्याला देतात. तो केर धुऊन त्यातली चांदी वेगळी काढतो. काम करून हात धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत सोडत नाहीत. हुपरीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला वाटलं, ही बाई तिथं राहिलेलीच नसणार.

"मावशी, घेतायसा का उभ्यानंच संपवतायसा?" दुकानदार गल्ल्यावरून ओरडला.

"संपवण्याजोगं काय हाय त्यात?" वहिनी तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली.

मी पुस्तक मिटत होते, तेवढ्यात शेवटाकडचं एक पान दिसलं. शाळेच्या गणवेशातली मुलगी दारात गोणपाटावर उभी आहे. आई तिचा फ्रॉक झटकते आहे, मग पायांचे तळवे पुसते आहे. खाली एक शब्दही नाही.

कोल्हापूरच्या कॉन्व्हेंटला जायची बस पकडण्याआधी मी रोज त्या गोणपाटावर उभी राहायची. आई माझ्या वेण्यांवरूनही हात फिरवायची, घरातली चांदी केसांतून शाळेत जाऊ नये म्हणून. तुमच्या आईलाही मी हे कधी सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

म्हणजे त्या बाईला सगळं ठाऊक होतं! ठाऊक असून तिनं केर रस्त्यावर लोटला, कारण परदेशातल्या वाचकाला चमकणारं दुःख आवडतं. न कळणाऱ्याला मी माफ करते. हिला नाही.

"घ्या की वन्सं, तेवढ्या पानासाठी," वहिनी म्हणाली. तिला ते चित्र फार आवडलं होतं.

"एका पानापायी बाकीचा खोटेपणा पोरांच्या दप्तरात घालू?" मी म्हटलं आणि पुस्तक होतं तिथं ठेवलं.

तेव्हा घेऊ नका. वर्गात उभं राहून केराच्या डब्याचं सांगा, माझ्या वेण्यांचं सांगा. कुणी विचारलं, कुठल्या पुस्तकात आहे, तर आजीनं सांगितलं म्हणा.

माहेरी आता पैंजणांची साखळी मशीनवर तयार होते. दारातलं गोणपाट अजून आहे. केराचा डबाही आहे.