तिसरा उपसा

किला गेटजवळच्या अकरा घरांना विहीर एकच, आणि तिची काळजी सूर्याजींच्या गळ्यात पडलेली. ते संस्थानच्या फौजेतले. फौज विलीन झाली तेव्हा हातात काठी देऊन त्यांना शेजारच्या सरकारी मोटारडेपोवर चौकीदार नेमलं. मग छप्पन साली मध्य भारत राज्यही मोडलं. खातं भोपाळला गेलं, साहेब गेले, टेबलंसुद्धा गेली. मागे उरली डिझेलची गंजकी पिंपं आणि साठीला टेकलेले सूर्याजी.

पुढच्या पावसाळ्यात पिंपं पाझरू लागली. सूर्याजींनी भोपाळला अर्जावर अर्ज लिहवून घेतले. उत्तर येईना. पिंपांभोवतीची गांडुळं वर येऊन मेली, मग हरळी पिवळी पडली, मग कुंपणाकडचा झेंडू वाळला. सूर्याजी रोज पावलं मोजत. मेलेली जमीन विहिरीकडेच सरकत होती.

माघात पाण्याला वास आला. बेडूक पोटं वर करून तरंगले.

"आता हो काय करायचं?" सूर्याजींच्या पत्नी दुर्गाबाईंनी त्यांना विचारलं.

सूर्याजींना इलाज एकच ठाऊक. विहीर बिघडली की तळापर्यंत उपसायची, गाळ काढायचा, पाणी शुद्ध करायची लाल दवा टाकायची. वाडवडील हेच करत आले. अकरा घरांचे पुरुष दोन दिवस रस्सी ओढत होते, सर्वांत पुढे सूर्याजी. आठवडाभर पाणी बरं लागलं, मग वास दुप्पट झाला. त्यांनी दुसरा उपसा केला. आता पाण्यावर तवंग आला.

शेवटी एका अर्जानं भोपाळला जाग आली आणि एक तरुण इंजिनिअर आला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"बाबा, तेल मातीतून खाली उतरतं आणि जमिनीतल्या पाण्यावर पसरतं. ते हळू चालतं. तुम्ही विहीर रिकामी केलीत की चारी बाजूंचं पाणी इकडे धावतं, आणि तेलही त्याच्यासंगं ओढलं जातं. इथं थोडंच आलं होतं. बाकीचं तुम्ही बोलावलंत."

 सूर्याजींच्या हातांवरचे रस्सीचे वळ अजून दुखत होते. एवढी लाज त्यांना फौज मोडली तेव्हाही वाटली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "विहीर मी नासवली. आता उपसू नका. पिंपं हलवा, ती माती खणून काढा."

शेजारचे शिवाजीराव हळूच म्हणाले, "काका, तुम्ही थकलात. मन छोटं करू नका. या वेळेला रस्सी आम्ही धरतो."

कुणी रागावलं असतं तर सूर्याजींना बरं वाटलं असतं.

सकाळी सगळे बादल्या घेऊन आले. सूर्याजी काठावर वाट अडवून उभे राहिले. शिवाजीरावांनी त्यांना अदबीनं हाताला धरून खाटेवर नेऊन बसवलं. पुन्हा उठायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तळ दिसला, तेव्हा सगळ्यांनी ओल्या अंगानं येऊन एकेक करून त्यांच्या पायांना हात लावला.